वजनाच्या ऑपरेशननंतर जीव घाबरतो, करमत नाही: काय करायचं

मी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला ब्लाउज-ड्रेस शिवते. वजनासाठी पोटाचं स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलंय. आजूबाजूच्या गावांतून असंच ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडे कपडे घट्ट करायला येतात, आणि माप देता देता हळूच विचारतात, "ताई, तुम्हाले पण असंच व्हायचं का वं? उगाच रडू येतं, छातीत धडधडतं." त्यांना जे सांगते तेच इथे लिहिलंय. मी डॉक्टर नाही. गोळ्या-औषधांचं ज्यानं त्यानं आपापल्या डॉक्टरांना विचारायचं.

असं होतं, हे आधी मान्य करा. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्याच भागात तयार होतं. खाणं, झोप, हार्मोन सगळं एकदम बदलतं, त्यात पहिले काही आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचे. एवढं सगळं होऊन मन थाऱ्यावर राहिलं तरच नवल. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत निवळतं. पण काहींचं निवळत नाही, आणि काहींना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, वजन उतरायचं थांबलं की, नव्यानं सुरू होतं. म्हणून "ऑपरेशनला वर्ष झालं, आता काय नवीन?" असं घरच्यांनी म्हणू नये, आणि आपणही म्हणू नये.

धडधडलं की आधी वही उघडा

माझ्या मापाच्या वहीची मागची पानं मी यासाठी ठेवली. चार रकाने: किती वाजता झालं, त्याआधी दोन-तीन तासांत काय खाल्लं-प्यायलं, लघवीचा रंग कसा होता, आणि नेमकं काय वाटलं. "टेन्शन आलं" असं लिहायचं नाही. "हात थरथरले, घाम आला, कुणीतरी जवळ असावं असं वाटलं" असं लिहायचं. दोन आठवडे लिहिलंत की आपल्या घाबरण्याचे प्रकार दिसायला लागतात. ते एक नसतं.

पहिला प्रकार पाण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. पूर्वी माठातला तांब्या तोंडाला लावून रिकामा करायचो, आता दोन घोटांत पोट भरल्यासारखं होतं. डॉक्टर दिवसाला दीड ते दोन लिटर सांगतात. त्यात जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास प्यायचं नाही. मग दुपार कधी सरते कळत नाही, आणि चारच्या सुमाराला डोकं हलकं होतं, उठलं की अंधारी येते, छाती धडधडते. लघवी गडद पिवळी असेल तर त्या वेळी मनाला दोष देऊ नका. पाणी कमी पडलंय. मी मशिनच्या उजव्या बाजूला बाटली ठेवते आणि एक बाही जोडून झाली की दोन घोट घेते. उन्हाळ्यात त्यात मीठ-जिऱ्याचं पातळ ताकही चालतं. शेतात जाणाऱ्यांनी बाटलीवर पेनानं खुणा कराव्यात: इथपर्यंत अकरा वाजेपर्यंत, इथपर्यंत दुपारी दोनपर्यंत.

दुसरा प्रकार गोडाचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलं की वाटीभर आमरस समोर येतोच. लग्नात जिलेबी, रस्त्यात उसाचा रस, कुणाकडे गेलं की साखरेचा चहा. खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत मळमळ, पोटात कळ, धडधड, आडवं व्हावंसं वाटणं याला डम्पिंग म्हणतात. तोच रस एक ते तीन तासांनी दुसऱ्या रूपात गाठतो: साखर झपकन खाली येते, आणि घाम, थरथर, भीती असं सगळं एकदम होतं. वजनासाठीच पोटाचं बायपास (हृदयाचं नव्हे; यात जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात) झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांची सुटका आहे असं समजू नका. घरात कुणाचं तरी शुगरचं मशिन असतंच. त्या वेळी बोटाला टोचून बघा. आकडा ७०च्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं ग्लुकोज किंवा साखरपाणी घ्या, सावरल्यावर थोडं पनीर किंवा घट्ट डाळ खा, आणि वहीचं ते पान पुढच्या तपासणीला दाखवा. बोलणं भरकटायला लागलं, शुद्ध हरपायला लागली तर वही-बिही ठेवा आणि दवाखाना गाठा.

तिसरा प्रकार: पाणी ठीक, साखर ठीक, गोड काही खाल्लेलं नाही, आणि पहाटे साडेतीनला जाग येऊन छातीवर दगड. हा मनाचा. याच्याबद्दल खाली लिहिते.

त्याआधी एक बजावून सांगते, कारण आपल्याकडे बाईमाणूस घाबरलं म्हटलं की "टेन्शन घेते" म्हणून विषय संपवतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढत जाणारी पोटदुखी, नाडी १२०च्या आसपास राहून खाली न येणं, दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर ते टेन्शन नाही. टाक्यांतून गळती किंवा रक्ताची गाठ असू शकते. सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. तसंच उलट्या थांबतच नसतील तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर परिणाम होतो. गोंधळायला झालं, एकाचे दोन दिसले, चालताना तोल गेला की लगेच जायचं, आणि ऑपरेशन झालंय व उलट्या होतायत हे दारातच सांगायचं.

रक्त तपासताना बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघायला सांगा. बी-१२ कमी झालं की थकवा, चिडचिड, उदासी, हातापायांना मुंग्या हे सगळं होऊ शकतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते मुळात कमीच असतं. डॉक्टरांनी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बरं वाटायला लागलं म्हणून सोडायच्या नाहीत, त्या कायमच्या. प्रथिनं साधारण ६० ते ८० ग्रॅम सांगतात. डाळीच्या नुसत्या वरच्या पाण्यावर ती होत नाहीत. घट्ट मूग, चक्का, पनीर, चालत असेल तर अंडं, आणि कमी पडलं तर पावडर.

भरीत पार्टीला जायचं

यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त लिहिते.

हिवाळा लागला की शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात. बामणोदची हिरवट, मोठी वांगी. साल काळी होऊन सुटते, आतला गर मऊ पडतो, मग हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात सोडून तेल. सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा अशा पार्टीला जाल तेव्हा धुराच्या वासानंच डोळे भरून येतील. येऊ द्या. ते वांग्यासाठी नसतं. नणंदा-जावांच्या घोळक्यात मांडीला मांडी लावून जेवणारी तुम्ही आता त्या पंगतीत बसणार कशी, त्याचं ते रडू असतं.

आणि नुसती पंगतच जात नाही. सासूबाईंशी वाजलं, गिऱ्हाइकानं पैसे बुडवले, पोराचे मार्क कमी आले, की शेव-मुरमुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसायची सवय असते. डबा संपेपर्यंत राग निवलेला असतो. ऑपरेशन डबा काढून घेतं, भांडणं तशीच ठेवतं. माझ्या मते निम्मी उदासी इथून येते. त्यामुळे "खाण्यावरचा ताबा" वगैरे ऐकून घ्या, पण खरं काम आहे त्या डब्याच्या वेळेला दुसरं काही बसवायचं.

माझी ती वेळ संध्याकाळी सहा ते आठ. दुकानात गर्दी नसते, घरात स्वयंपाकाचा वास सुटलेला असतो. म्हणून हूक लावायचे ब्लाउज मी दिवसा उरकत नाही, मुद्दाम त्या वेळेसाठी मागे ठेवते. एका हुकाला पाच-सहा टाके. टाका ओढताना श्वास हळूहळू बाहेर सोडायचा, घेतला त्यापेक्षा लांब. एक ब्लाउज पुरा होईपर्यंत छाती मोकळी झालेली असते. तुम्हाला शिवता येत नसेल तर लसूण सोला, शेंगा फोडा, वाती वळा. हात गुंतले पाहिजेत आणि थोडं लक्षही लागलं पाहिजे. मोबाइलनं हे होत नाही. त्यात खाण्याचेच व्हिडिओ येतात. त्यानंतर एकीला सोबत घेऊन खंडोबाच्या देवळापर्यंत चालून यायचं. एकटीनं चाललं की डोक्यात तेच ते घोळतं.

आणि पार्टीला जायचंच. घरी बसलं की करमत नाही, करमत नाही म्हणून बोलावणं टाळावंसं वाटतं, आणि पुढच्या वर्षी बोलावणंच येत नाही. जाऊन चुलीजवळचं काम मागून घ्या: वांगी फिरवणं, सोलणं. घोळक्याच्या मधोमध असता आणि कुणी ताटाकडे बघत नाही. डॉक्टरांनी मऊ पदार्थ सुरू केले असतील तर तेल-मिरची घालायच्या आधी आपल्या वाटीत दोन चमचे गर काढून ठेवा, मीठ घाला, बारीक चावून सावकाश खा. पुरीच्या वाट्याला जाऊ नका, ती अडकते आणि मग उलटी होऊन सगळ्यांच्या नजरा वळतात. आग्रह झाला तर एकच वाक्य पाठ करून ठेवा: "पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडं-थोडंच खायचं सांगितलंय." वजन, बीएमआय, किती खर्च आला, यात शिरायचं नाही.

पुरुषांसाठी एक. या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाची जागा दारूनं घेतल्याची उदाहरणं बरीच आहेत. पार्टीत ग्लास हातात घेऊ नका.

लोक आणि आरसा

"माय वं, केवढी वाळली! शुगर निंघाली का?" हे ऐकावं लागणार. काही तर थेट कॅन्सरपर्यंत जातात. जाड होतो तेव्हा बोलणारी हीच माणसं. मी म्हणते, "तब्येत बरी आहे, तुमचा ब्लाउज कधी टाकताय?" विषय बदलतो, कधी कधी धंदाही होतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. दंडाची, पोटाची कातडी लोंबते, ती व्यायामानं पूर्ण जात नाही. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहा, कारण मध्ये मध्ये आकडा हलत नाही आणि रोज बघणाऱ्याचा तो दिवस वाया जातो. त्या दिवसांत टेप लावून बघा, कंबर बऱ्याचदा कमी झालेली असते. आणि शिवणारी म्हणून सांगते: वजन उतरत असताना भारी ब्लाउज शिवू नका. जुनेच आत घ्या, माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) कापू नका. पण ढगळ कपड्यांत लपूनही राहू नका. अंगाला बसणारा एक तरी ड्रेस कायम हवा.

मनाचा डॉक्टर

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप उडालीय, आपण घरावर ओझं झालोय असं वाटतंय, तर हूक लावून भागणार नाही. मानसोपचार डॉक्टरांना भेटा. जळगाव-धुळ्याला सरकारी रुग्णालयांत हा विभाग आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट बघायची नाही. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. या ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याचा धोका काहींमध्ये वाढलेला अभ्यासांत दिसलाय, म्हणून घरच्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. आपल्या घरांत फवारणीची औषधं ओसरीतच पडलेली असतात. माणूस असं बोलायला लागलं की ती त्याच दिवशी घरातून हलवा, झोपेच्या गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि त्याला एकटं सोडू नका.

डॉक्टरकडे जाताना ऑपरेशनची फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ती वही न्या. ऑपरेशन स्लीव्हचं की बायपासचं हे आधी सांगा, कारण बायपासनंतर काही गोळ्या अंगात नीट शोषल्या जात नाहीत, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या. गोळी मोठी वाटते म्हणून ती कुटून घेऊ नका, आधी विचारा. उदासीची आधीपासून गोळी चालू असेल तर ऑपरेशननंतर ती परस्पर बंद करायची नाही. नवीन गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा काळ घरच्या एकानं रोज आठवणीनं ती द्यावी आणि पुढच्या तारखेला सोबत जावं. डोकं-कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून मनानं पेनकिलर आणू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्यांनी, बायपासवाल्यांना तर जास्तच, पोटात अल्सर होऊ शकतो. दुकानदाराला ऑपरेशनचं सांगा, आणि त्यानं दिलेलं नाव गोळी घ्यायच्या आधी आपल्या सर्जनच्या दवाखान्यात फोन करून विचारून घ्या.