बोट न टोचता साखर मोजायची आहे? या चुका टाळा

९४० नॅनोमीटरचा एलईडी, समोर फोटोडायोड (प्रकाश मोजणारा सेन्सर), मध्ये बोट आणि स्क्रीनवर आकडा. अवरक्त प्रकाशाने रक्तातली साखर मोजायचे बहुतेक प्रकल्प इथून सुरू होतात आणि पहिल्याच आठवड्यात आकडा ग्लुकोमीटरशी जुळायलाही लागतो. मग सगळे खूश. तो कशामुळे जुळतोय, हे मात्र फार कमी जण तपासतात. असे प्रकल्प बघताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न जुळणाऱ्या आकड्यांची नाही, सहज जुळणाऱ्यांची.

आधी प्रमाण लक्षात घ्या. १०० मिग्रॅ/डेलि (दर १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम) साखर म्हणजे लिटरमागे साधारण ५.५ मिलिमोल. पाणी मात्र लिटरमागे ५५ मोल. ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा हजार रेणू झाले. त्यात ९४० च्या शेजारीच, ९७० नॅनोमीटरला, पाण्याचं स्वतःचं शोषण-शिखर आहे, म्हणजे तिथे पाणीच बराच प्रकाश गिळतं. ग्लुकोजच्या खुणा १५०० ते १८०० आणि २००० ते २५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यांत जास्त स्पष्ट असतात, पण साधा सिलिकॉन फोटोडायोड ११०० च्या पुढे आंधळा. आणि १७०० च्या आसपाससुद्धा एक मिलिमीटर जाडीच्या थरात १८ मिग्रॅ/डेलिचा फरक पडला, तर प्रकाशात पडणारा फरक लाखात दहा भागांच्या घरात. ९४० ला तो आणखी कितीतरी फिका. एवढ्या बारीक फरकाच्या जागी तुमच्या आलेखात ठळक चढउतार दिसत असेल, तर तो साखरेचा असण्याची शक्यता कमीच.

पहिली चूक: चमचाभर साखर पाण्यात विरघळवून ‘सेन्सर चालतो’ म्हणणं. १०० मिलि पाण्यात ५ ग्रॅम साखर म्हणजे ५००० मिग्रॅ/डेलि. माणसाच्या शरीरात असं रक्त नसतं. शिवाय घरातली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज नव्हे. आणखी एक खोच आहे: विरघळलेला ग्लुकोजचा प्रत्येक रेणू पाण्याचे साधारण सहा रेणू बाजूला सारतो. सेन्सरला बऱ्याचदा दिसतं ते हे कमी झालेलं पाणी. म्हणून ग्लुकोजच घ्या, ० ते ४०० मिग्रॅ/डेलिमध्येच द्रावणं करा, सगळ्यांचं तापमान एकसारखं ठेवा. बाटल्यांवर क्रमांक दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा आणि चढत्या क्रमाने मोजू नका. शेवटी एका बाटलीत ग्लुकोजऐवजी मीठ घाला. सेन्सर मिठालाही तसाच हलला, तर तो साखर ओळखत नाही.

बोटाचा दाब विसरणं. ही चूक मला सगळ्यात महागात पडणारी वाटते. एक प्रयोग करून बघा. क्लिपमध्ये बोट घाला, सिग्नल स्थिर होऊ द्या आणि क्लिप दुसऱ्या हाताने जरा दाबा. बोटाचं टोक पांढुरकं पडतं, रक्त बाजूला सरतं, ऊती दबून पातळ होतात आणि आरपार येणारा प्रकाश लगेच वाढतो. साखर तेवढीच आहे! हात काढल्यावरही आकडा पूर्वीच्या जागी पटकन येत नाही, कारण दबलेली ऊती सावकाश सैल होते. थंड बोट, ओलं बोट, क्लिप दोन मिलिमीटर पुढे सरकणं यांचाही असाच परिणाम होतो. क्लिपखाली दाबमापक सेन्सर आणि एक थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) बसवा, दोन्हींची नोंद प्रत्येक वाचनासोबत ठेवा. दाब आणि तापमान एवढ्यावरूनच ‘साखर’ सांगता येते का, हे तपासा. येत असेल, तर प्रकाशाचं काम वेगळं उरतच नाही.

एकाच बैठकीतला चढउतार पुरावा मानणं. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचं आणि दोन तास मोजत बसायचं, हा आवडता प्रयोग. त्या दोन तासांत साखर चढते, उतरते. पण त्याच वेळात एलईडी तापतो, त्वचा गरम होते, बोट क्लिपला सरावतं. संथपणे बदलणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींशी सहज जुळतात. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्क अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार स्पष्ट दाखवलं. ज्या नमुन्यात ग्लुकोज नव्हतंच, त्याच्या अवरक्त वर्णपटांना साखरेचे आकडे जोडले, आणि तरीही वर्णपटावरून साखर सांगणारं, वरवर छान चालणारं मॉडेल (गणिती सूत्र) तयार झालं. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ग्लुकोजऐवजी साधं पाणी द्या, बाकी सगळं तसंच ठेवा. त्या दिवशीही मॉडेलने ‘साखर वाढली’ म्हटलं, तर उत्तर मिळालं.

डेटा सरसकट पिसून ट्रेन-टेस्ट करणं, म्हणजे काही वाचनांवर मॉडेल शिकवून उरलेल्यांवर तपासणं. एकाच माणसाची एकाच दिवसाची वाचनं दोन्हीकडे गेली, की मॉडेल साखर नाही, माणूस ओळखतं. विभागणी माणसागणिक करा. एकाच माणसावर काम असेल तर दिवसागणिक. क्लार्क एरर ग्रिडमध्ये (खरा आकडा आणि यंत्राचा आकडा यांची तुलना दाखवणाऱ्या आलेखात) सगळे ठिपके ‘ए’ या सर्वांत अचूक विभागात आले म्हणूनही भुलू नका. सगळ्यांची साखर ८५ ते १२० दरम्यान असेल, तर प्रत्येकाला डोळे मिटून १०० सांगणारं यंत्रही ‘ए’ विभागातच बसतं. कमी आणि जास्त, दोन्ही टोकांची वाचनं हवीतच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या चुका त्या मानाने लवकर सुटतात. १० बिटच्या एडीसीची (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या चिपची) पायरी ५ व्होल्टला जवळपास ४.९ मिलिव्होल्ट, म्हणजे हजारातला एक भाग. लाखातले दहा भाग तिला दिसणार कसे? एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्या आणि ते वजा करा, नाहीतर ट्यूबलाइटचं लुकलुकणंही हिशेबात येतं.

तुलनेसाठी वापरता ते ग्लुकोमीटरही अचूक काटा नाही. १०० च्या वर ±१५ टक्क्यांची चूक मानकात चालते, म्हणून दोन स्ट्रिपांची सरासरी घ्या. प्रकाश मुख्यतः पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातून जातो आणि तिथली साखर रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, हेही वेळ जुळवताना धरा.

आता सगळ्यात गंभीर चूक: या आकड्यावर औषध ठरवणं. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की त्वचेला छेद न देता स्वतः साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नयेत. अशा एकाही उपकरणाला त्यांनी परवानगी दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतलं, तर काही तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून तुमच्या चाचणीला मधुमेह असलेलं कुणी बसलं असेल, तर स्क्रीन त्यांच्याकडे वळवू नका. आकडा फक्त वहीत जाऊ द्या. घाम सुटला, हात थरथरले, तर क्लिप काढा आणि लगेच स्ट्रिपवर तपासा.