गेमवरची कादंबरी आणि तक्रारींची वही

आवडत्या व्हिडिओ गेमवरची कादंबरी वाचून झाली की बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी निघतात, ‘भारी’ नाहीतर ‘वाट लावली’. आठ जणांनी रविवारी जमून दोन तास हेच एकमेकांना ऐकवायचं असेल, तर जमायची गरज नाही, ते फोनवरही होतं. तक्रार पानापर्यंत नेता आली तरच तिला वजन येतं. जानेवारी २०१२मध्ये ‘मास इफेक्ट’ या गेमवरच्या मालिकेतली ‘डिसेप्शन’ ही चौथी कादंबरी आली, तेव्हा चाहत्यांनी नुसता ओरडा केला नाही. त्यांनी विसंगतींची यादी करून सगळ्यांना वाचता येईल अशी मांडली. आधीच्या पुस्तकात ऑटिझम (स्वमग्नता) असलेली म्हणून उभी केलेली जिलियन ही मुलगी इथे तशी वाटतच नाही, असे मुद्दे त्यात एकेक करून होते. गेम बनवणारी कंपनी बायोवेअर आणि प्रकाशक डेल रे या दोघांनीही चुका मान्य केल्या आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणून सांगितलं. कट्टा भरवायचा तर अशी यादी हातात येईल असा भरवावा.

पुस्तक आणि प्रत

या कादंबऱ्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या असतात. काही गेमचीच गोष्ट पुन्हा सांगतात, काही गेमच्या आधीचं सांगतात, तर काही त्याच जगात वेगळ्याच पात्रांची गोष्ट रचतात. पहिल्या बैठकीला पहिली तऱ्हा घ्या. प्रसंगाला प्रसंग लावून बघता येतो, आणि ज्याने गेम खेळलेला नाही त्यालाही गोष्ट सलग कळते. साडेतीनशे पानांना तीन आठवडे द्या. रोजची सोळा-सतरा पानं नोकरी सांभाळून होतात. एकच आठवडा दिला की निम्मे जण सारांश वाचून येतात, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं.

पदपथावर स्वस्तात मिळणारी प्रत पुष्कळदा नकली छपाईची असते. घ्यायचीच असेल, तर पानांचे आकडे सलग आहेत का ते तिथेच उभं राहून बघा. पुस्तक सहसा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. त्यामुळे पानं गहाळ झाली तर अख्खा फर्माच जातो आणि १९२नंतर थेट २०९ येतं. वाचणाऱ्याला वाटतं लेखकाने उडी मारली, आणि बिचाऱ्याच्या नावावर नसलेली चूक चढते.

आवृत्तीचं सालही पहिल्याच दिवशी सगळ्यांनी कळवायचं. ‘हेलो’ या गेमच्या जगातली ‘द फॉल ऑफ रीच’ ही २००१ची कादंबरी २०१०मध्ये दुरुस्त्या करून पुन्हा काढली गेली. दोघांच्या हातात दोन आवृत्त्या असल्या की एकाला दिसणारी चूक दुसऱ्याला सापडतच नाही आणि अर्धा तास त्यात जातो. ई-पुस्तक वाचणाऱ्यांनी पानाचा आकडा देऊ नये, अक्षर मोठं केलं की पान सरकतं. त्यांनी प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहावेत.

वही

शंभर पानी वही पुरते. रकाने पाच: प्रकरण व पान, पुस्तक काय म्हणतं, गेम काय म्हणतो आणि कुठे, आधी कोण आलं, आणि प्रकार. ‘द फॉल ऑफ रीच’ची भरलेली एक ओळ अशी दिसते:

रीच ग्रह शत्रूच्या हाती पडतो तो प्रसंग (प्रकरण व पान आपापल्या प्रतीप्रमाणे). पुस्तक: ३० ऑगस्ट २५५२ला शत्रूचं आरमार येतं आणि त्याच दिवशी ग्रह पडतो. गेम, ‘हेलो: रीच’: पहिली मोहीमच २४ जुलैची, म्हणजे लढाई महिनाभर आधी सुरू. आधी: पुस्तक, ऑक्टोबर २००१, गेम सप्टेंबर २०१०. प्रकार: विसंगती.

त्याच्या खालच्या ओळीत ‘पिलर ऑफ ऑटम’ हे जहाज येईल. पुस्तकात ते अवकाशात आहे, गेममध्ये ग्रहाच्या जमिनीवर उभं.

चौथा रकाना लोक हमखास गाळतात आणि तिथेच फसतात. वरच्या ओळीत पुस्तकाने गेमला खोटं पाडलेलं नाही, नऊ वर्षांनी आलेल्या गेमने पुस्तकाला पाडलंय. तारीख नसेल तर सगळा राग लेखकावर निघतो. एरवीही लेखकाला असं लिखाण कंपनीच्या परवानगीने आणि ठरलेल्या मुदतीत करावं लागतं. मजकूर कंपनीकडून तपासून जातो, म्हणजे सुटलेली चूक तपासणाऱ्याचीही असते.

प्रकार चारच ठेवा: विसंगती, गाळलेलं, वाढवलेलं आणि चव. ‘संवाद अळणी आहेत’ ही चव झाली. ‘नायकाचा मित्र दोन प्रकरणं आधीच मेलाय’ ही विसंगती. चवीच्या नोंदींवर मत द्यावं, पुरावा मागू नये. विसंगतीच्या नोंदीला पुरावा नसेल तर ती खोडावी. आमच्या मते वही भरल्यावर निम्म्याहून जास्त नोंदी चवीच्या निघाल्या, तर पुस्तक कंटाळवाणं असेल, चुकीचं नाही. लोक नेमकी याच दोहोंची गल्लत करतात.

काही गोष्टी चूक म्हणून लिहायच्याच नाहीत. जिथे निवड खेळणाऱ्याच्या हातात असते, तिथे लेखकाला कुठलातरी एक शेवट धरावाच लागतो, नाहीतर वळसा घालावा लागतो. ‘मी खेळलो तेव्हा ती वाचली होती’ ही तुमच्या खेळाची हकीकत आहे. तसंच गेममध्ये नायक वीस गोळ्या खाऊन भिंतीआड पाच सेकंदांत बरा होतो आणि पुस्तकात एकाच गोळीने आठवडाभर झोपतो, यात विसंगती नाही. ती खेळाची सोय होती. आणि गेममधल्या माहितीच्या नोंदी त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलेल्या असतील, तर लिहिणाराही चुकू शकतो. अशा नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

वहीची प्रत सामायिक फाइलमध्ये चढवणार असाल तर नावांची अक्षरं आधी ठरवा. एकाने ‘रीच’, दुसऱ्याने ‘रिच’, एकाने ‘जिलियन’ आणि दुसऱ्याने ‘गिलियन’ लिहिलं की शोधल्यावर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. पहिल्याच पानावर नावांची यादी लावा आणि तिथून उचलून चिकटवा.

तीन आठवड्यांत कोणाचा रसभंग करू नका

सगळे एकाच वेगाने वाचत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशाची सुरुवात न उघडताही वरच्या पट्टीत दिसते, त्यामुळे संदेश ‘प्रकरण १४ पर्यंत’ असा सुरू करा, मग पाच-सहा ओळींत नुसते टिंब आणि मग मुद्दा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मजकुराच्या आधी आणि नंतर दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. मराठी कीबोर्डवर इथेच घोटाळा होतो. आपला दंड (।) हुबेहूब त्या रेघेसारखा दिसतो, पण तो वेगळं चिन्ह आहे. दंड टाकला की काहीच झाकलं जात नाही आणि खलनायकाचं नाव सगळ्यांसमोर. कीबोर्ड इंग्रजी करून चिन्हांच्या पानावरची उभी रेघ घ्या आणि पाठवण्याआधी स्वतःलाच एकदा पाठवून बघा.

जागा आणि माणसं

आठ माणसं पुरेत, त्यांतली दोन-तीन तरी गेम न खेळलेली हवीत. सगळेच खेळलेले असले की पुस्तकाने काय नीट सांगितलंच नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रिकाम्या जागा प्रत्येकजण आठवणीने भरतो.

बागेत बसायचा मोह होतो, पण पुणे महापालिकेच्या बागा दुपारी बंद होतात, आणि उन्हात लॅपटॉपवर काही दिसत नाही. रविवारी सकाळी डेक्कनच्या उपाहारगृहात टेबल मिळालं तरी बाहेरची रांग तुमच्याकडेच बघत असते. सोसायटीचं क्लबहाऊस किंवा कुणाच्या घरचा हॉल उत्तम. पेठांत ठेवलंत तर कुठल्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे ते आदल्या दिवशी कळवा. डेक्कनच्या आसपास ठेवलंत तर वनाजहून येणारे थेट मेट्रोने उतरतील आणि पिंपरीचे सिव्हिल कोर्टला (जिल्हा न्यायालय स्थानक) गाडी बदलतील.

न खेळलेल्यांना गेम म्हणजे काय ते दाखवायला ‘राजी’ची सुरुवातीची पंधरा मिनिटं चांगली. हा २०२०चा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय. भावाला शोधत निघालेली मुलगी तुम्ही चालवता आणि दुर्गा व विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत असतात. हे कागदावर उतरवायचं तर चालणारा हात नाहीसा होतो, उरतात फक्त बोलणारे. कादंबरीकाराची अडचण यातून व्याख्यानाशिवाय कळते.

बैठक

दहा ते सव्वाबारा. आल्या आल्या प्रत्येकाने चिठ्ठीवर एका वाक्यात मत लिहून डब्यात टाकायचं, बोलण्याआधी. बोलणं सुरू झाल्यावर लिहाल तर सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्याचंच मत आठ चिठ्ठ्यांवर येतं. दहापैकी गुण मागू नका. एकाने नऊ आणि दुसऱ्याने तीन दिले की सरासरी सहा येते, आणि सहा वाटलेला माणूस खोलीत एकही नसतो.

पहिला अर्धा तास फक्त न खेळलेल्यांचा. ही वेळ काटेकोर पाळा, कारण एकदा जाणकारांनी तोंड उघडलं की ती परीक्षा होते: ‘तुला तिसऱ्या भागातलं ते माहीत नाही?’ असं एकदा झालं की समोरचा पुढच्या खेपेला येत नाही. मग चहा, आणि चहानंतर वही. वेळ बघणारा आणि नोंदी लिहिणारा वेगवेगळे असू द्या, एकाकडे दोन्ही दिलं तर दोन्ही राहतं. गेममधले पुरावे आधी कापून ठेवा. दोन मिनिटांच्या वर एकही नको आणि एकंदर पाचच. आयत्या वेळी ‘थांब, तो सीन दाखवतो’ म्हणणारा आधी अपडेट उतरवत बसतो.

सव्वाबाराला चिठ्ठ्या उघडून वाचा. मत बदललं असेल तर मालकाने हात वर करायचा. नाही केला तरी चालतं.

प्रकाशकाला लिहायचं असेल तर एकच पान, इंग्रजीत, त्यात विसंगतीच्या पहिल्या दहा नोंदी. वर आवृत्तीचं साल आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक. पानांचे फोटो जोडू नका, वादातली ओळ तेवढी उतरवा. चवीची एकही नोंद त्यात घुसू देऊ नका, ती दिसली की वाचणारा उरलेल्या नऊही तशाच धरतो. आणि वही कोणाकडे राहणार ते उठण्याआधीच ठरवा. त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक घ्याल तेव्हा पात्रांची वयं आणि तारखा तिथूनच लावायच्या आहेत.