बेळगावातल्या जुन्या घराचा इतिहास कसा काढायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट बघून घ्या, १९४८ च्या आधी तुमची गल्ली कुणाच्या राज्यात होती. बेळगाव शहर १८१८ पासून इंग्रजांकडं, शहापूर मात्र सांगली संस्थानात, रायबाग कोल्हापूरकडं, रामदुर्गला तर स्वतःचाच राजा. म्हणजे गणपत गल्लीतलं घर आणि शहापुरातलं घर, अंतर चालत जायचं, पण जुने कागद वेगळ्या दप्तरातले. हे न बघता लोक थेट पुण्याला पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, उघडायला जातात आणि हात हलवत परत येतात. वतन-इनामाचं घर असेल, देसाई-देशपांडे-देवस्थान वगैरे, तर पुण्याला जायला अर्थ हाय, इनाम कमिशनचे, म्हणजे इंग्रजांनी इनामांची चौकशी केली तिचे, कागद तिथं आहेत. रायबागवाल्यांनी कोल्हापूरचं पुरालेखागार बघावं. बाकीच्यांनी घरापासूनच सुरू करा.

घरपट्टीची पावती काढा, उताऱ्यावरचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर लिहून घ्या आणि सिटी सर्व्हेला प्रॉपर्टी कार्डाची नक्कल मागा. नुसतं आत्ताचं कार्ड नको, जुनं हाताने लिहिलेलं पण मागायचं, आणि सर्व्हे झाला तेव्हाची चौकशीची नोंद मिळते का विचारायचं. तेव्हा मालकाला सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, दिलेली असते, ती बऱ्याचदा घरातच ट्रंकेत असते आणि कुणाला माहीत नसतं. नाहीच म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी. १९५६ नंतर आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेलो, त्यामुळं पुढच्या नोंदी कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर गल्लीतला कन्नड शाळेत शिकलेला एखादा पोरगा धरा, चहा पाजा, पण हाताचं जुनं कन्नड त्यालाही पटकन लागत नाही हे धरून चाला. गावठाणातलं घर असेल तर हे सगळं ग्रामपंचायतीत.

मग सब-रजिस्ट्रार. ईसी, म्हणजे घरावरच्या खरेदी-गहाणाच्या नोंदींचा दाखला, ऑनलाइन मिळते ती २००४ पासूनची, त्याच्या आधीचं पाहिजे तर वर्षं सांगून ऑफिसातच शोध घ्यावा लागतो. दस्ताचा नंबर हाताला लागला की नक्कल काढा, आणि खरेदीखतापेक्षा वाटणीपत्र सापडलं तर सोडू नका, कारण भाऊ-भाऊ वाटणी करताना सोपा कुणाला, माडी कुणाला, परड्यातला आड सामाईक का कसा, जिना कुणी कुठनं काढायचा, सगळं लिहितात. आज पाडलेली खोलीसुद्धा तिथं सापडते. गहाणखतंही बघा, घर कधी अडचणीत होतं ते तिथंच कळतं.

आता खरी मजा चतुःसीमेत, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे त्या नोंदीत. घर नंबर बदलतात, गल्लीची नावं बदलतात, पण 'पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ' हे प्रत्येक दस्तात असतं. तुमच्या घराचा कागद मध्येच तुटला की शेजाऱ्याचा दस्त बघा, त्याच्या चतुःसीमेत तुमच्या पणजोबांचं नाव निघतं, निदान घर कुणाच्या नावावर होतं ते तरी. माझ्या मते ह्याच्याइतकी उपयोगी दुसरी वाट नाही आणि लोक हीच वगळतात. शेजाऱ्याशी भिंतीवरनं भांडण असेल तर मात्र आधी ते मिटवा की.

जुना कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधावा लागतो, पण तारीख तुम्ही स्वतः काढू शकता. शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुलाचं साल) असेल तर ५९०, सुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरचं साल) असेल तर ५९९, एखाद्या वर्षाचा फरक पडतो कारण फसली आणि सुहूर साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, 'इसन्ने मयातैन व अलफ' म्हणजे दोन, दोनशे आणि हजार, १२०२, म्हणजे इसवी १८०१-०२. स्टॅम्प पेपर असेल तर मागची बाजू बघा, विकत घेतल्याची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव तिथं असतं.

कौलांवरनं वय काढणारे पण भेटतील. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ ला निघाला, त्यामुळं कौलावर त्या कारखान्याची छाप असली तर ते कौल त्याच्या आधीचं नाही, एवढंच. छप्पर नंतर बदललेलं असू शकतं, भिंती जुन्या असू शकतात. चौकटीवर शके कोरलेलं असेल तर ते जास्त भरवशाचं. घर विकलं गेलं असेल तर जुन्या 'तरुण भारत'मधल्या जाहीर नोटिसा चाळा, पेपर १९१९ पासूनचा आहे.

कॅम्पमधला, म्हणजे लष्करी छावणीच्या (कॅन्टोन्मेंटच्या) हद्दीतला बंगला असेल तर वरचं बरंचसं सोडून द्या, तिथं जमीन बहुतेक सरकारची आणि नोंद कॅन्टोन्मेंटच्या जनरल लँड रजिस्टरात, सीटीएस शोधत बसू नका. आणि मूळ कागद सापडला की लॅमिनेशन करू नका, फोटो काढा आणि सपाट फाईलमध्ये ठेवा, घडीवरच फाटतात ते.