घरातल्या शिशाबद्दल लोकांना सांगायचं कसं

शिसं म्हणजे लेड. लहान मुलांच्या पोटात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, शिकण्यावर वागण्यावर होतो आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही, पण हेच सरळ जाऊन सांगितलं की पालक म्हणतात आमचं पोरगं तर मस्त खेळतंय. खरंच आहे, बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही! म्हणून सुरुवात आजारापासून करू नका, खिडकीपासून करा.

म्हणजे घर जुनं असेल तर त्यांना खिडकीपाशी न्या आणि दाखवा, रोज उघडझाप करून चौकट घासली जाते, रंगाची भुकटी खाली पडते, बाळ तिथंच रांगतं आणि मग तोच हात तोंडात. जुन्या रंगात शिसं असेलच असं नाही, पण नुसतं बघून ते कळतही नाही. आणि पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात ४-५ पट जास्त भिनतं. एवढं कळलं की माणूस स्वतःच विचारतो, मग करायचं काय?

तेव्हा लांबलचक यादी वाचू नका. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, जेवायच्या आणि झोपायच्या आधी मुलांचे हात धुवा, जुना रंग कोरडा घासू नका, बस. हे शेवटचं मात्र परत परत सांगा, कारण बाळ येणार म्हणून हौसेने खोली रंगवायला काढतात आणि पॉलिश पेपरने घासून घरभर धूळ करतात. रंगारी लोकांनाही यात घ्या, त्यांच्याही घरी मुलं असतात.

पाईप शिशाचे असतील तर पाणी उकळून शिसं जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॅटरीचं काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरून शिसं घरात येतं, त्यांना कपडे बाहेरच बदलून घरात यायला सांगा, पण दोष देत नाही ना हे बघा, आईबापांना अपराधी वाटलं की ते ऐकायचंच बंद करतात.

शंका असेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) सांगते, पण त्याच्या खाली सुरक्षित असं काही नाही, हेही सांगा.

ऑक्टोबरमध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय आठवडा असतो, तेव्हा बालवाडीच्या पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि सोलपटलेल्या चौकटीचा फोटो सोबत न्या.