गेलेल्या माणसाचा लॉक असलेला टॅब उघडताना या चुका टाळा

रामकुंडावरचे विधी होतात, तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरातली कपाटं उघडली जातात. चष्मा, घड्याळ, पेन्शनची फाईल आणि चार्जरसकट एक टॅब. टॅबला पिन आहे आणि तो कुणालाच माहीत नाही. अशा वेळी घरातलं सगळ्यात तरुण पोरगं पुढे येतं, "द्या इकडे, मी बघतो." नुकसानीची सुरुवात बहुतेक इथेच होते. हेतू चांगलाच असतो, क्रम चुकतो.

म्हणून टॅबला हात लावण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: टॅब हवाय की टॅबमधलं हवंय? नातवाला अभ्यासासाठी टॅब लागत असेल तर तो रस्ता वेगळा. आजोबांचे फोटो, आजीने रेकॉर्ड केलेल्या ओव्या हव्या असतील तर तो वेगळा. निफाड-दिंडोरीकडे बागेच्या फवारण्यांच्या नोंदी टॅबमध्ये ठेवणारे शेतकरी आहेत. निर्यातीच्या द्राक्षांना त्या नोंदी लागतात आणि गोडी छाटणीनंतरचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. नुसता टॅब वापरात आणणं बहुतेक वेळा कागदपत्रांवर जमून जातं. आतला मजकूर मिळेलच याची खात्री नसते, आणि टॅब सुरू करण्याच्या नादात तो कायमचा जातो.

पिनचे अंदाज बांधत बसणं

जन्मतारीख, लग्नाची तारीख, १२३४, ००००. प्रत्येक जण येता-जाता एकेक मारून बघतो आणि किती झाले याचा हिशोब कुणाकडेच नसतो. आयपॅड चुकीच्या पासकोडनंतर आधी मिनिटभर थांबवतो, मग ५, मग १५ मिनिटं, मग तास. शेवटी सगळं पुसण्याशिवाय मार्ग उरत नाही. सेटिंगमध्ये 'डेटा पुसा' हा पर्याय चालू करून ठेवलेला असेल तर दहाव्या चुकीला आयपॅड स्वतःच रिकामा होतो. काही सॅमसंग टॅबमध्येही ठरावीक चुकांनंतर आपोआप फॅक्टरी रिसेट होण्याची, म्हणजे सगळं पुसून टॅब नव्यासारखा कोरा होण्याची सोय असते. ती चालू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

टॅब बाजूला ठेवा आणि कागद शोधा. आपल्याकडची पिढी पासवर्ड लिहून ठेवते, फक्त भलत्याच जागी: कालनिर्णयच्या मागच्या पानावर दूध-पेपरच्या हिशोबाशेजारी, पासबुकाच्या आतल्या कव्हरवर, देव्हाऱ्याच्या खणातल्या वहीत. काहीच सापडलं नाही तर यादी करा. गाडीच्या नंबरातले एमएच १५ नंतरचे शेवटचे चार अंक, फ्लॅट नंबर, जुन्या लँडलाईनचे शेवटचे अंक, एटीएमला वापरायचे तो आकडा. एकाच माणसाने, एकाच वेळी, लिहून ठेवत तीन-चार सर्वांत शक्य असलेले आकडे टाकावेत आणि थांबावं.

एक गोष्ट पहिल्याच दिवसाची आहे, पण त्या दिवशी ती कुणाच्या डोक्यात नसते. टॅबमध्ये नातवाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असतो, कारण गेम त्यालाच खेळायचे असतात. टॅब बंद पडला, रिस्टार्ट झाला, की ठसा चालत नाही, पिनच लागतो. आयपॅडमध्ये तर ४८ तास कुणी उघडला नाही तरीही पासकोड मागतो. म्हणून टॅब चार्जिंगला लावून ठेवा, बंद करू नका आणि नातवाला आधी हाक मारा.

सिम बंद करण्याची घाई

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. "कशाला उगाच रिचार्ज," म्हणून महिन्याभरात नंबर सोडून दिला जातो. गुगल असो की ॲपल, खातं परत मिळवण्याचे बहुतेक मार्ग त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीतून जातात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यावर २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग तुमचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतात. सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारा, अधूनमधून त्यावरून एखादा फोन करा. पुढे मोबाईल कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या.

मृत व्यक्तीचा मोबाईल उघडत असेल तर काम बरंच सोपं होतं. टॅबमधलं गुगल खातं बहुधा तेच असतं, त्यामुळे फोटो आणि ड्राईव्हवरचा मजकूर टॅबला हात न लावताही तिथे दिसू शकतो. मात्र भावंडांना, सगळ्या वारसांना सांगून आणि शक्यतो समोर बसवूनच हे करा. बँकेची ॲप्स आणि यूपीआय उघडूच नका. गेलेल्या माणसाच्या खात्यातले पैसे त्याच्या ओटीपीवर फिरवणं म्हणजे नंतर वारसांच्या भांडणात स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करणं. त्यासाठी बँकेत नॉमिनीचा अर्ज असतो.

"फॉरमॅट मारून टाकू"

फॉरमॅटनंतर डेटा परत मिळतो, असा एक समज जुन्या पेनड्राईव्हच्या काळापासून चालत आलाय. आजच्या टॅबमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो आणि रिसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. मग कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे वाचता येईल असं काही उरत नाही.

आणि इतकं करूनही टॅब उघडतच नाही, कारण कुलपं दोन आहेत. स्क्रीनचं कुलूप टॅबमध्ये असतं, खात्याचं कंपनीच्या सर्व्हरवर. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ५.१ आवृत्तीपासून एफआरपी (फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन) आलं, दुकानदार ज्याला 'गुगल लॉक' म्हणतात ते. बाहेरून बटणं दाबून रिसेट केला की टॅब आधीचंच गुगल खातं मागतो. आयपॅडमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे. पुसल्यावरही तो जुन्या ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे फोटोही गेले आणि टॅबही अडकला.

रिसेट करायचाच असेल तर आधी अँड्रॉइड टॅबच्या कडेची खाच बघा. मायक्रो एसडी कार्ड असेल तर काढून संगणकावर लावा. जुन्या टॅबमध्ये जागा कमी म्हणून फोटो कार्डवरच साठवलेले असतात आणि ते बहुतेक वेळा सरळ उघडतात. या खाचेकडे कुणी बघत नाही याचं मला दर वेळी नवल वाटतं.

स्क्रीन उघडत असेल तर सगळं कॉपी करा, सेटिंगमधून गुगल खातं काढा आणि तिथूनच रिसेट करा. मग एफआरपी आड येत नाही. स्क्रीन उघडत नाही पण खात्याचा पासवर्ड हाताशी आहे, तर रिसेटनंतर तोच टाका. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेटआधी २४ तास थांबा, ही गुगलचीच सूचना आहे.

आयपॅडवर आयपॅडओएस १५.२ पासून लॉक स्क्रीनवरूनच पुसण्याचा पर्याय मिळतो. त्याला इंटरनेट आणि ॲपल खात्याचा पासवर्ड लागतो. तो नसेल तर केबलने संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्या, म्हणजे संगणकावरून सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने घालता येतं. सॉफ्टवेअर उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयपॅड त्या मोडमधून बाहेर येतो आणि लोकांना वाटतं बिघडला. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि पुन्हा त्याच मोडमध्ये न्या, एवढंच.

'बायपास' करून देणाऱ्यांच्या नादी लागणं

नाशिकच्या एम.जी. रोडवर स्क्रीन, बॅटरी, चार्जिंगची पिन बदलून घ्या. त्या कामात तिथली पोरं तरबेज आहेत. खात्याचं लॉक तोडणं हे वेगळं प्रकरण. काही जुन्या मॉडेलमध्ये पळवाट निघते, पण अपडेट आलं किंवा पुन्हा रिसेट केला की लॉक परत बसू शकतं. ऑनलाईन पैसे भरून 'आयक्लाऊड अनलॉक' देणाऱ्यांकडे तर फिरकूच नका. तिथे पैशांबरोबर मृत माणसाचं आधार, ईमेल आणि टॅबचा सिरियल नंबरही जातो. आधी बिल मागणारा दुकानदार भेटला तर तो तुम्हाला अडवत नाहीये, चोरीचा माल टाळतोय.

कागद अर्धवट घेऊन जाणं

सरळ मार्ग कंपनीकडून जातो आणि त्याला दोन कागद लागतातच: मृत्यूचा दाखला आणि खरेदीचं बिल.

मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. नाशिकच्या सिडकोत राहणारे काका मुंबईच्या हॉस्पिटलात गेले असतील तर दाखला मुंबईचा. नाशिकमध्ये मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिकरोड या सहा विभागांपैकी संबंधित कार्यालयाचा, आणि खेडेगावात ग्रामपंचायतीचा. नोंदीची मुदत २१ दिवसांची. आपल्या दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजीही असतं, त्यामुळे परदेशी कंपनीला पाठवताना भाषांतराचा खर्च सहसा वाचतो. प्रती सुरुवातीलाच जास्त काढा.

खरी अडचण नावाची. दाखल्यावर दत्तात्रय, गावभर बाळासाहेब आणि भाच्याने खातं उघडताना टाकलेलं 'अण्णा'. हे तिघे एकच, हे कंपनीला कागदावर दिसावं लागतं. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर इथे उपयोगी पडतो. पुन्हा तेच सिम.

बिल सापडत नसेल तर ते ऑनलाईन खरेदीच्या खात्यात किंवा ईमेलमध्ये शोधा, दुकानाकडे दुसरी प्रत मागा. बिलावर सिरियल नंबर असेल तर उत्तम. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय (सिमवर चालणाऱ्या उपकरणाचा ओळख क्रमांक) नसतोच, तेव्हा तो शोधत बसू नका. सिरियल नंबर खोक्यावर किंवा टॅबच्या पाठीवर बघा. टॅब मुलाने ऑर्डर केला होता आणि बिल त्याच्याच नावावर आहे, तर अर्जही त्यानेच करावा.

ॲपल या कागदांवर ॲक्टिव्हेशन लॉक काढून देऊ शकतं. पासकोड मात्र काढून देत नाही. टॅब पुसावाच लागतो. खात्यातला मजकूर हवा असेल आणि वारस संपर्क (ॲपलचा 'लेगसी काँटॅक्ट', त्याबद्दल शेवटी) नेमलेला नसेल तर ॲपल न्यायालयाचा आदेश मागतं. त्यासाठी नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात वकिलामार्फत जावं लागेल. फक्त फोटोंसाठी एवढा खर्च करायचा का, हे घरच्यांनी आधी बसून ठरवावं. गुगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी ऑनलाईन अर्ज आहे. पासवर्ड ते कुणालाच देत नाहीत. खातं बंद करणं आणि काही प्रकरणांत मजकूर देणं, एवढंच. अर्ज लांबणीवर टाकू नका, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल हटवू शकतं.

टॅब हप्त्यावर घेतलेला असेल किंवा ऑफिसने, संस्थेने दिलेला असेल तर त्यावर तिसरंच लॉक असतं. वरचं काहीच लागू होत नाही. आधी फायनान्स कंपनीशी किंवा संस्थेशी बोला.

जिवंतपणी न केलेली पाच मिनिटांची कामं

आई किंवा मामा शेजारी बसलेले असतानाच त्यांच्या टॅबमध्ये दोन सेटिंग करून घेता येतात. ॲपलमध्ये आयओएस १५.२ पासून 'लेगसी काँटॅक्ट' आहे. त्यातून एक ॲक्सेस की मिळते. ती छापून मृत्युपत्रासोबत ठेवा. ती की आणि मृत्यूचा दाखला दिला की नेमलेल्या माणसाला खात्यातला मजकूर तीन वर्षं मिळतो आणि ॲक्टिव्हेशन लॉकही निघतं. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. त्यात दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि खातं किती महिने शांत राहिल्यावर त्यांना कळवायचं हे ठरवता येतं. त्यातली सगळ्यात कमी मुदत तीन महिन्यांची आहे, त्यामुळे ही सोय केलेली असली तरी निदान तेवढे महिने सिम चालू ठेवावंच लागतं.