परसात एकॉर्नचा सडा पडला तर

न्यू जर्सीसारख्या भागात परसात ओकचं झाड असेल, तर काही वर्षांआड एखाद्या पानगळीत एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, नुसता सडा पडतो. घाबरू नका, झाड आजारी नसतं. आधी पायऱ्या आणि गाडीची वाट झाडून घ्या. या गोल, गुळगुळीत फळांवरून पाय हमखास सटकतो. हिरवळीवर मात्र दाताळं नको, गवतच उपटून येतं. लांब दांड्याचा तारांचा गोल पिंजरा मिळतो, तो नुसता फिरवत न्यायचा: फळं तारांमधून आत शिरतात, पानं बरीचशी जमिनीवरच राहतात. पांढऱ्या ओकची फळं त्याच मोसमात रुजतात, म्हणून ती लगेच उचला. लाल ओकची वसंतापर्यंत थांबतात. घरात कुत्रा असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, एकॉर्नमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्याला बाधतं.