सदोष मोबाइल परत करताना या चुका टाळा

नवा फोन बिघडला की लोक आधी चिडतात, मग काउंटरवर भांडतात आणि सगळ्यात शेवटी बिल शोधायला लागतात. खरं तर बिल शोधण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

कायदा ग्राहकाच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का पाहून गप्प बसायचं कारण नाही. तरीही चांगल्या तक्रारी फेटाळल्या जातात. फोनमध्ये दोष होता हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर तो कुठेच दिसत नाही.

जॉबशीटशिवाय फोन देणं

जॉबशीट म्हणजे फोन दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटर देतं ती तक्रार नोंदलेली पावती. ती न घेण्याची चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. प्रकरण बहुतेक वेळा एकाच चालीने जातं. फोन मध्येच आपोआप बंद होऊन सुरू होतो. ग्राहक सर्व्हिस सेंटरला जातो. ‘सॉफ्टवेअर मारून देतो, दहा मिनिटं बसा,’ असं सांगून काउंटरवरचा मुलगा फोन आत नेतो. कागद मिळत नाही आणि ग्राहकही मागत नाही, कारण त्याला घाई असते. महिन्याभराने पुन्हा तोच त्रास. या वेळी जॉबशीट मिळते, पण तीवर लिहिलेलं असतं ‘बॅटरी लवकर उतरते’. तिसऱ्या खेपेला ‘हँग होतो’. तेराव्या महिन्यात फोन कायमचा बंद पडतो. मदरबोर्ड गेला, वॉरंटी संपली, खर्च तुमचा. आता ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या ग्राहक आयोगापुढे ठेवायला काय उरतं? बॅटरीची एक किरकोळ तक्रार आणि हँग होण्याची एक. फोन आपोआप रीस्टार्ट होतो हे एकाही कागदावर नाही. पहिल्या महिन्यापासून एकच दोष होता आणि तो कधीच दुरुस्त झाला नाही, हे मग सिद्ध कसं करणार?

यावर माझी पद्धत साधी आहे. दोषाचं एकच वाक्य घरी लिहून ठेवायचं: ‘वापर चालू असताना फोन आपोआप बंद होऊन सुरू होतो, चार्जिंगवर नसतानाही.’ दर वेळी जॉबशीटवर हेच वाक्य, शब्दही न बदलता. ‘सिस्टिममध्ये ठरलेलेच पर्याय आहेत’ असं उत्तर मिळालं तर शेऱ्याच्या रकान्यात टाइप करून घ्या. तेही करत नसतील तर त्यांच्या प्रतीवर सहीच्या शेजारी हाताने लिहा, तिचा फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी जॉब नंबर टाकून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा.

सही करण्यापूर्वी ‘फोनची स्थिती’ हा रकाना वाचा. डेंट, स्क्रॅच, पाणी यांच्यापुढे टिक असते आणि आपण न बघता सही ठोकतो. म्हणून फोन सोडण्याआधी काउंटरवरच चारही कडांचे फोटो घ्या. सिमचा ट्रे काढून टॉर्चच्या उजेडात आतली छोटी पट्टी दिसत असेल तर तिचाही घ्या. अनेक फोनमध्ये ही पट्टी कोरडी असताना पांढरी असते आणि पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होते. पुढे ‘आत पाणी गेलंय’ असं सांगून वॉरंटी नाकारली, तर तुमच्या हातात तारखेसह फोटो असतो. आणि असा नकार तोंडी ऐकून परत फिरू नका. उघडलेल्या फोनचा फोटो आणि लेखी कारण मागा.

फोन परत घेताना तिथेच अर्धा तास वापरून बघा. त्याआधी ‘काम समाधानकारक’ याखाली सही नको. दोष तसाच असेल तर ‘दोष कायम’ असं लिहूनच सही.

बोर्ड बदलला किंवा हँडसेटच बदलून दिला तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलू शकतो, आणि मग बिलावरचा क्रमांक आणि हातातला फोन यांचा मेळ बसत नाही. जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक जॉबशीटवर लिहून घ्या. बदललेल्या फोनची वॉरंटी कधीपर्यंत, हेही त्यातच.

गल्लीतल्या दुकानात फोन उघडणं

वॉरंटी चालू असताना तीनशे रुपयांत काम होतंय म्हणून फोन बाहेर उघडणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. दुकानदाराचं कसब चांगलं असेलही, प्रश्न तो नाही. सील तुटलं, आतला गोंद निघाला, एखादा स्क्रू बदलला की बिघाड मुळात होता की नंतर झाला, हे कुणालाच सांगता येत नाही. तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या तपासणीचे पैसे तुम्हाला भरायला सांगितले जाऊ शकतात. बाहेर उघडलेल्या फोनवर हा खर्च बहुधा वाया जातो. याच कारणासाठी तक्रार चालू असेपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्येही देऊ नका.

फॅक्टरी रीसेट करायची घाईही तितकीच वाईट. आधी दोषाचा व्हिडिओ काढा, दुसऱ्या फोनवरून आणि मध्ये कुठेही न थांबवता. सुरुवातीला *#०६# डायल करून स्क्रीनवरचा आयएमईआय दाखवा, मग दोष. स्क्रीनच गेली असेल तर खोक्यावरचं लेबल आणि फोन एकाच चित्रात घ्या. खोकं फेकू नका. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता त्यावरच असतो आणि नोटीस तिथेच पाठवायची असते.

ऑनलाइन घेतला असेल तर

परतीची सात दिवसांची मुदत संपली, ॲपमधलं बटण गेलं, की लोक हात टेकतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. चॅटवरच्या माणसाशी तास घालवण्यापेक्षा तक्रार अधिकाऱ्याला थेट ईमेल करा. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करणं हे त्याचं काम आहे. तिकीट नंबर जपून ठेवा. डिलिव्हरी घेताना पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढायची सवय लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

हप्ते थांबवणं

फोन बंद, मग हप्ता कशाला, असा विचार करून ईएमआय थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा असतो. दंड लागतो, क्रेडिट स्कोअर पडतो आणि फोनचा वाद होता तिथेच राहतो.

धंद्याच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेतलं की समोरचा वकील ‘हा ग्राहकच नाही, खरेदी व्यापारी कारणासाठी आहे’ असा आक्षेप घेतो. स्वतःच्या वापराचा फोन स्वतःच्या नावावरच घ्या.

१९१५ वर फोन केला म्हणजे झालं, असं समजणं

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपयोगी आहे, पण ती कंपनीशी बोलून तडजोड घडवते, निकाल देत नाही. तिथे तक्रार पडून आहे म्हणून आयोगात जायची मुदत थांबत नाही. ती मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. सोशल मीडियावर कंपनीला टॅग करणाऱ्यांनी तर हे आधी वाचावं.

आयोगात जाण्याआधी लेखी नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण मी ती कधीच टाळू देत नाही. एक पान पुरतं: बिल नंबर, आयएमईआय, जॉबशीटच्या तारखा, एकच स्पष्ट मागणी आणि १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. पहिल्याच बिघाडाला नवा फोन मागू नका. वॉरंटी सहसा दुरुस्तीची असते, आणि दुरुस्तीनंतरही तोच दोष परतला की पैसे परत मागण्याला बळ येतं.

तक्रार एकट्या दुकानदारावर करू नका. तो कंपनीकडे बोट दाखवतो. विक्रेता, उत्पादक किंवा आयातदार, सर्व्हिस सेंटर आणि खरेदी ऑनलाइन असेल तर तो प्लॅटफॉर्म, सगळ्यांना प्रतिपक्ष करा. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पंधरा हजारांच्या फोनसाठी पाच लाखांची भरपाई मात्र मागू नका. ज्या खर्चाची पावती आहे आणि जो त्रास सांगता येतो, तेवढाच मागा.

आदेश मिळाला की बरेच जण निवांत होतात. समोरच्याला अपील करायला ४५ दिवस असतात, आणि पैसे द्यायचा आदेश असेल तर निम्मी रक्कम भरूनच अपील करता येतं. आदेशातली मुदत संपली, स्थगिती नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जासोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि आत्तापर्यंत किती रक्कम मिळाली याचा हिशेब जोडा.